ताकाला जाऊन भांडं लपवू नका, जीएम साहेब

या वेळचं पत्र नाशिकचंच आहे, इंदिरानगरहून आलंय. नाव-गाव काढून आणि थोडं कापून देतेय.

"ताई, नमस्कार. वय ४८. अंबडच्या एका कंपनीत सप्लाय चेनचा जनरल मॅनेजर आहे. राज्यातल्या एका महापालिकेची परिवहन कंपनी आहे (शहराचं नाव छापू नका), तिथे शहर बससेवेचा ऑपरेशन्स प्रमुख म्हणून तीन वर्षांच्या करारावर ऑफर आहे. पगार आत्ताच्या जेमतेम निम्मा. बायको म्हणते जा, नाहीतर आयुष्यभर कुरकुरत बसाल. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते, ते म्हणतात वेड लागलंय का, चांगली कंपनी सोडून सरकारी चिखलात कुठे जातोस. मला स्वतःला खात्री आहे की प्रोफेशनल मॅनेजमेंट आणलं तर बससेवा दोन वर्षांत नफ्यात येईल. पण पगार, नंतर परत इंडस्ट्रीत कोण घेईल, आणि समाजात काय किंमत राहील, हे तीन प्रश्न झोपू देत नाहीत. जाऊ का?

ता. क. माझ्या साडूची बसगाड्यांची भागीदारी फर्म आहे, एमआयडीसीतल्या कंपन्यांना स्टाफ बस पुरवतो. आता शहर बसच्या टेंडरमध्ये उतरायचा त्याचा विचार चाललाय. फर्ममध्ये माझे थोडे पैसे होते पण गेल्या वर्षीच ते मिसेसच्या नावावर केलेत, तेव्हा तो काही प्रश्न नाही."

जीएम साहेब, दीड पान पगारावर लिहिलंत आणि खरी गोष्ट शेवटच्या तीन ओळीत ता. क. म्हणून चिकटवलीत, वर "तो काही प्रश्न नाही" असं स्वतःच उत्तरही देऊन टाकलंत. तोच तर प्रश्न आहे! बाकी पगार-बिगार आपण बोलूच पण आधी मी तुमच्या साडूपासून सुरुवात करणार.

मी बरीच वर्षं कंपन्यांचं सेक्रेटरियल काम बघितलंय, बोर्ड मीटिंगांचे कागद, जाहीरनामे वगैरे, त्यामुळे कायद्याचं आधी सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे कोण याची ठरलेली यादी आहे. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सभासद. साडू त्यात बसत नाही. वाचून तुम्हाला हायसं वाटेल, वाटू देऊ नका, कारण त्याच कायद्यात पुढे असंही आहे की ज्या फर्ममध्ये संचालकाचा किंवा मॅनेजरचा नातेवाईक भागीदार आहे ती फर्म 'संबंधित पक्ष' धरली जाते. म्हणजे साडू एकटा असता तर कागदावर तुम्ही सुटला असता, पण तुम्ही स्वतःचे पैसे उचलून बायकोच्या नावावर टाकलेत, आणि बायको तर यादीत पहिल्या नंबरला आहे. तुमचं पद संचालकाचं किंवा कायद्याच्या अर्थाने मॅनेजरचं ठरलं आणि मिसेस त्या फर्ममध्ये भागीदार असल्या तर लपायला केलेल्या उपायानेच तुम्ही सापडलात. आणि समजा पदाचं नाव वेगळं निघालं, मिसेस नुसत्या पैसे देणाऱ्या निघाल्या, म्हणून कायद्यातून वाचलात, तरी गाव थोडंच कायद्याची यादी घेऊन बसतं? कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर साडू हा सख्ख्या भावाच्याही वरचढ नातेवाईक असतो.

हा बायकोच्या नावाचा प्रकार तुम्ही काही नवीन शोधलेला नाहीये. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९६४ अर्नेस्ट मार्पल्स नावाचे वाहतूक मंत्री होते, धंद्यातून आलेले, स्वतःची रस्ते-पूल बांधणारी कंपनी, तिचे बहुतेक शेअर्स त्यांच्याकडे. लंडनचा हॅमरस्मिथचा उड्डाणपूल त्या कंपनीने बांधला, तो खुला झाला १९६१ ला, म्हणजे हे मंत्री असतानाच. ओरडा झाला, शेअर्स विकतो म्हणाले, आणि शेवटी ते शेअर्स गेले कुणाकडे तर बायकोकडे. आता गंमत बघा, मोटरवे याच माणसाच्या काळात भराभर उभे राहिले, लंडनमध्ये पार्किंगची शिस्त याच काळात लागली, काम दमदार होतं. पण आज साठ वर्षांनी कुणी आठवण काढली तर पहिलं वाक्य शेअर्सचं असतं. पुढे १९७५ ला टॅक्सच्या भानगडीत गडी मोनॅकोला निघून गेला, त्याने उरलीसुरली पण गेली.

आणि माझा मुद्दा मार्पल्सपाशी संपत नाही, खरा पुढेच आहे. याच मार्पल्सने एक माणूस नेमला होता, आणि तो माणूस म्हणजे अगदी तुमचीच गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

डॉ. रिचर्ड बीचिंग. आयसीआय या मोठ्या केमिकल कंपनीत टेक्निकल डायरेक्टर. मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस, आकड्यात पक्का, रेल्वे चालवण्याचा काडीचा अनुभव नाही. १९६१ ला त्याला ब्रिटिश रेल्वेच्या कारभारावर आणून बसवलं कारण रेल्वे तोट्यात बुडत चालली होती. पगाराची तुम्हाला फार काळजी आहे ना, तर ऐका, त्याने आयसीआयचाच पगार मागून घेतला, वर्षाला २४ हजार पौंड, त्या वेळी पंतप्रधानांना होते १० हजार. पेपरवाल्यांनी आणि पार्लमेंटने सोललं त्याला. म्हणजे पूर्ण पगार मागून घेतला तरी लोक बोलतात आणि अर्धा घेतला तरी म्हणतात की बाकीचा खालून घेत असेल, त्यामुळे पगाराचं टेन्शन एवढ्यासाठी तरी सोडा.

तर या बीचिंगने काय केलं, तुम्ही केलं असतं तेच केलं. डेटा गोळा केला. कुठल्या लाइनवर किती माणसं, किती माल, किती खर्च. मार्च १९६३ ला रिपोर्ट आला, त्यात निघालं की जवळजवळ एक तृतीयांश लोहमार्गांवर सगळे मिळून एक टक्का प्रवासी आहेत. मग २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५ हजार मैल लाइन बंद करा अशी शिफारस. एक्सेल शीटवर बघितलं तर चूक काढता येत नाही. त्याच रिपोर्टमध्ये कंटेनर गाड्यांची कल्पना होती, ती नंतर चाललीही, पण लोकांच्या लक्षात राहिली ती कुऱ्हाड.

दोन ठिकाणी माशी शिंकली. एक म्हणजे प्रवाशांची मोजणी कधी केली तर एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्यात. समुद्रकाठच्या गावांच्या ज्या लाइन उन्हाळ्याच्या सुट्टीत भरभरून वाहायच्या त्या एप्रिलच्या थंडीत रिकाम्याच दिसणार ना! हे म्हणजे गंगापूर रोडच्या कॉलेजांच्या फेऱ्यांचं लोड मे महिन्यात मोजायचं आणि म्हणायचं या मार्गावर पोरं नाहीत. नाहीतर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या गर्दीत त्र्यंबकची मोजणी करायची आणि वर्षभर तेवढ्या बस लावायच्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लोकांनी विचारलं, रेल्वे तोडायला सांगणारा हा माणूस नेमला कुणी? रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या मालकाने. बस्स, संपलं. बीचिंगचा स्वतःचा त्या कंपनीशी संबंध नव्हता, काही लाइन खरोखर बंद करण्यासारख्याच होत्या, तरी योग्य निर्णयसुद्धा संशयात गेला. एडिंबराकडून दक्षिणेला जाणारी एक लाइन १९६९ ला बंद झाली ती लोकांनी भांडून ४६ वर्षांनी, २०१५ ला काही भागात परत सुरू करून घेतली. बीचिंग मात्र १९६५ लाच आयसीआयला परत गेला (इंडस्ट्री परत घेते, हा तुमचा दुसरा प्रश्नही यात मिटला).

कळतंय का मी काय म्हणतेय? साडूच्या बसमुळे तुम्ही काही वाईट कराल अशी भीती मला नाहीये. भीती ही आहे की तुम्ही एखादा चांगला निर्णय घ्याल, एखाद्या ठेकेदाराला दंड लावाल, एखादा मार्ग बदलाल, आणि तो नुसता या ता. क. मुळे मातीत जाईल.

आता ते "दोन वर्षांत नफ्यात". हे वाक्य इंटरव्ह्यूत बोलला नसाल अशी आशा करते.

शहर बस कशी चालते ते आपल्या नाशिकचंच बघा. आधी शहरात एसटीच फिरायची, तिला ते परवडेना, मग महापालिकेने स्वतःची परिवहन कंपनी काढली आणि ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक रस्त्यावर आली. पद्धत कुठली तर ग्रॉस कॉस्ट. म्हणजे गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स त्याचा, आणि बस भरलेली असो की रिकामी, त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. तिकिटाचे पैसे कंपनीकडे येतात. तुमची होणारी कंपनी पण बहुतेक याच पद्धतीची असेल, आजकाल सगळीकडे हेच आहे. आता हिशोब करा, आकडे मी सोयीसाठी धरतेय, समजा ठेकेदाराला किलोमीटरला ६० रुपये द्यायचे आणि तिकिटातून किलोमीटरला ३५ येतात. (किलोमीटरमागे येणाऱ्या पैशाला बसवाले ईपीके म्हणतात आणि जाणाऱ्याला सीपीके, हे शब्द पाठ करून जा, पहिल्याच मीटिंगला पडतील.) म्हणजे प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये महापालिकेच्या खिशातून. मग दोन वर्षांत तोटा खाली आणायचा सगळ्यात सोपा उपाय कुठला? बस चालवायचीच नाही! जितके किलोमीटर कमी तितका तोटा कमी. हुशार मॅनेजर पहिल्या तिमाहीत इथेच पोचतो आणि तिथेच फसतो, कारण करारात ठेकेदाराला किमान किलोमीटरची हमी दिलेली असते, तुम्ही फेऱ्या कापल्या तरी त्या न चाललेल्या किलोमीटरचेही थोडेफार पैसे द्यावेच लागतात. म्हणजे लोक स्टॉपवर उभे, बस डेपोत उभी, आणि बिल चालू.

म्हणून नफा डोक्यातून काढा आणि तोटा नीट वेगळा करायला शिका. एक तोटा असतो तो निव्वळ ढिसाळपणाचा. डेपोतून पहिल्या स्टॉपपर्यंत बस रिकामी पळते ते डेड किलोमीटर, एकाच मार्गावर तीन बस एकामागे एक येतात आणि मग पाऊण तास शुकशुकाट, वाहक तिकीट फाडत नाही, ठेकेदार फेरी रद्द करतो आणि दंड कुणी लावत नाही. हा तोटा तुम्ही खाऊन टाकाल, सप्लाय चेनमध्ये आयुष्य गेलंय तुमचं, रिकामा परत येणारा ट्रक बघून तुमचा जीव वरखाली होतो हे मला माहीत आहे. तिथे तुमच्यासारखा माणूस हवाच आहे.

पण दुसरा तोटा असतो तो मुद्दाम केलेला. रात्री अकराला सेकंड शिफ्ट सुटते, अंबडहून पंचवटीकडे जाणारी शेवटची बस, त्यात असतात किती, दहा-बारा जण, त्यातल्या दोघी-तिघी बायका. त्या फेरीचा ईपीके काढलात तर रडू येईल. कंपनीत असता तर ती फेरी पहिल्याच रिव्ह्यूत उडवली असती आणि टाळ्या मिळाल्या असत्या. इथे मात्र ती फेरी चालावी म्हणूनच तुमची खुर्ची आहे. फक्त एक करा, हिला लागणारे पैसे कुठून येणार हे आधीच महापालिकेच्या बजेटमध्ये वेगळं दाखवून घ्या, नाहीतर दरवर्षी मार्चमध्ये तुम्हीच चोर.

यावर अमेरिकेचं एक उदाहरण मला फार आवडतं. ड्रू लुईस. हाही धंद्यातला, मॅनेजमेंटचा माणूस, १९८१ ला रेगनच्या मंत्रिमंडळात वाहतूक खात्याचा सचिव झाला, म्हणजे आपल्याकडचा मंत्रीच. येऊन जेमतेम काही महिने झाले आणि ऑगस्टमध्ये विमानांच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरचा संप. स्वतः वाटाघाटीला बसला होता, जमलं नाही, सरकारने ४८ तास दिले आणि मग ११ हजारांवर लोक कामावरून काढले. लोकांना लुईस म्हटलं की हेच आठवतं. पण दुसरं काम जास्त बघण्यासारखं आहे. रस्ते मोडकळीला आलेले, पैसा नाही, आणि बॉस असा की टॅक्स वाढवणार नाही म्हणजे नाही. लुईसने मागे लागून लागून १९८२ मध्ये पेट्रोलवरचा केंद्राचा टॅक्स गॅलनला ४ सेंटवरून ९ सेंट करून घेतला, आणि वाढलेल्या ५ सेंटमधला १ सेंट सार्वजनिक वाहतुकीसाठी बाजूला काढून घेतला. कंपनीतून आलेल्या माणसाची कमाल ही, तोटा आहे तो आहे, त्याला कायमचा पैशाचा नळ जोडून दिला. तुमचं काम पण हेच असणार आहे. मग तो गेला परत खाजगीत, पुढे युनियन पॅसिफिक रेल्वेचा प्रमुख झाला.

आणि संपाचं म्हणाल तर वाहकांचा संप म्हणजे काय हे नाशिककरांना सांगायला नको, सकाळी निमाणीच्या बस स्टँडला यायचं आणि बसच नाही. तुमच्या नव्या ऑफिसात वाहक-चालक तुमचे नोकर नसतील, ठेकेदाराचे असतील, पगार थकवेल तो आणि दगड पडतील तुमच्या नावाने. त्यामुळे करारात ठेकेदाराने पगार केल्याचा, पीएफ भरल्याचा पुरावा दिल्याशिवाय बिल निघणार नाही असं कलम आहे का ते बघा. असेल तर ते पाळलं जातंय का ते विचारा. बहुतेक वेळा कलम असतं.

आपल्याकडची उदाहरणं पण आहेत, फार लांब जायला नको. जेआरडी टाटांनी स्वतःची विमान कंपनी उभी केली, १९५३ ला सरकारने तिचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं, तरी एअर इंडियाचे अध्यक्ष म्हणून २५ वर्षं राहिले आणि विमानातल्या चहापासून पडद्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठ्या लिहीत राहिले. १९७८ ला मोरारजींच्या सरकारने काढून टाकलं. एवढ्या माणसाला काढतात तर तीन वर्षांच्या करारवाल्याचं काय, हे मनाशी धरूनच जा. अलीकडचं बघायचं तर केंद्राने २०१८ ला बाहेरच्या लोकांसाठी सहसचिवांच्या १० जागा काढल्या, ६,०७७ अर्ज आले, २०१९ ला ९ जण निवडले. त्यात केपीएमजीतले भागीदार अंबर दुबे नागरी विमान वाहतूक मंत्रालयात गेले, ड्रोनचं काम त्यांच्याकडे होतं आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ फॉर्मचे ५ झाले. एवढंसं वाटतं ना? फाइलीतले २० फॉर्म कमी करणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सहा महिन्यांत कळेल. मग ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ४५ जागांची जाहिरात आली आणि आरक्षण नाही म्हणून तीन-चार दिवसांत मागे घेतली. म्हणजे बाहेरून येणाऱ्या माणसाकडे आत बसलेले आणि बाहेर उभे असलेले दोघंही जरा वाकड्या नजरेनेच बघतात, त्यात चूक पण नाही काही, ती जागा कुणाच्या तरी बढतीची असते. पहिल्या दिवसापासून "आमच्या कंपनीत असं नव्हतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

तुम्हाला खरा त्रास कशाचा होणार सांगू? फोनचा. कंपनीत तुम्ही व्हेंडरला फोन करता, "माल पाठव रे, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) मागून देतो", आणि माल येतो, कारण तुमच्या शब्दाला किंमत आहे. आता तिकडे समजा तिकिटाच्या मशीनचे कागदी रोल संपत आलेत, चार दिवसांचे उरलेत. तुम्ही फोन उचलणार. उचलू नका! डेपोकडून मागणीपत्र, मग लिपिकाची टिपणी, बजेटच्या कुठल्या शीर्षाखाली खर्च टाकायचा, लेखा विभागाचा अभिप्राय, गेल्या वर्षीचा दर काय होता, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर घ्यायचे की दरपत्रकं मागवायची, मग सगळ्यात कमी दरवाला, मग मान्यतेस्तव सादर, मग ऑर्डर. यात तीन आठवडे सहज जातात, आणि कमी दरवाल्याचा कागद मशीनमध्ये अडकला तर परत पहिल्यापासून. तातडीची खरेदी नियमात असते, नाही असं नाही, पण तिची कारणं आधी फाइलवर लिहायची आणि मग घ्यायचं. उलटं केलंत की वर्षाने ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, येतो, त्यात रोल वेळेवर आले, बस बंद पडल्या नाहीत, असलं काही लिहिलेलं नसतं, दर जास्त होता एवढंच असतं. म्हणून शहाणा अधिकारी रोल तीन महिने आधी मोजतो. हे तुम्हाला येतं की, रीऑर्डर लेव्हलच आहे ही, फक्त लीड टाइम सरकारी धरायचा.

आणि जे फाइलवर लिहाल ते असं लिहायचं की तुमच्यावर अजिबात विश्वास नसलेल्या माणसाने पाच वर्षांनी माहिती अधिकारात काढून वाचलं तरी पटलं पाहिजे. तोंडी आदेश आला, कुणी वरून फोन केला की अमक्या कॉलनीतून बस वळवा, तर हो साहेब म्हणायचं आणि संध्याकाळच्या आत एक ओळीची टिपणी घालायची, "दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार". निम्मे फोन त्यानेच बंद होतात.

सहीच्या आधी करारात काय बघायचं ते पटकन सांगते. तुमचा वरिष्ठ कोण, तुमचे आर्थिक अधिकार किती रुपयांपर्यंत, मुदतीआधी काढायचं तर नोटीस किती, आणि तुम्ही पदावर असताना घेतलेल्या निर्णयावर नंतर केस झाली तर वकील कोण देणार. शेवटचं लोक विचारायला लाजतात, विचारा. सरकारी कंपनीत पगार घेणारा माणूस करारावर असला तरी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकच असतो. वरिष्ठ बदलणार हे धरूनच चाला. तुकाराम मुंढे २०१८ ला नाशिकला आयुक्त म्हणून आले आणि वर्ष व्हायच्या आत बदलून गेले, तुम्ही इथेच होतात, बघितलंय. प्रकल्पही तसेच, २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिक मेट्रोला २,०९२ कोटी म्हणून आपण पेढे वाटले होते, ती मेट्रो अजून धावायची आहे. तुम्ही ज्या योजनेच्या जोरावर जाताय ती राहील न राहील, बस मात्र रोज सकाळी सुटली पाहिजे.

समाजात किंमत... यावर मी काही लिहीत नाही, खरं सांगू का, ज्याला हा प्रश्न फार छळतो त्याने बसच्या नादी लागू नये.

वडिलांबद्दल मात्र लिहिते. तुम्ही त्यांचं म्हणणं एका ओळीत उडवलंत. अहो, वाहतूक नियंत्रक होते ते! स्टँडवरच्या त्या छोट्या केबिनमध्ये बसून, कुठली गाडी किती उशिरा आली, ड्रायव्हर कुठला पाठवायचा, जादा गाडी कुठल्या गावची सोडायची हे सगळं ज्या माणसाने केलंय तो घरात बसलाय आणि तुम्ही मला पत्र लिहिताय. "चिखल" म्हणाले ना ते, मग विचारा की कुठला चिखल, नावानिशी विचारा. एक अख्खा रविवार त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. ठेकेदाराची पोरं तुम्हाला पहिल्या महिन्यात ज्या युक्त्या दाखवतील त्यातल्या बऱ्याच त्यांनी एसटीत बघितलेल्या असतील.

तर माझं मत, जा. पण साडूचं निस्तरून जा, आणि त्याला अर्धवट पळवाट नको. मिसेसचे पैसे फर्ममधून पूर्ण बाहेर काढायचे, दुसऱ्या कुठल्या मेव्हण्याच्या नावावर नाही, बाहेर म्हणजे बाहेर. त्या भागीदार असतील तर सीएकडून रिटायरमेंट डीड, भागीदारी निबंधकाकडे नोंद, पेपरात जाहीर नोटीस. दोन नातेवाईक बोलतील, बोलू देत. मग रुजू व्हायच्या आधी नव्या कंपनीला पत्र द्या, साडूचं नाव, फर्मचं नाव, आधी काय होतं आणि कुठल्या तारखेला संपलं, सगळं लिहून. आणि त्या पत्राच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा, मेल केलाय म्हणून सोडू नका. साडू दुसऱ्या शहरात टेंडर भरत असेल तर भरू दे. तुमच्याच शहरात भरणार असेल तर दोघांपैकी एकानेच तिथे जायचं, मी त्या फाइलवर सही करणार नाही वगैरे म्हणून भागणार नाही, कारण टेंडर एकदा मिळालं की पुढची सगळी वर्षं त्याच्या बिलावर, दंडावर, किलोमीटरवर तुमचंच खातं बसणार आहे.

पगाराचं एवढंच, मुलांच्या फिया आणि घराचा हप्ता निम्म्या पगारात बसतो का ते कागदावर मांडा. बसत असेल तर विषय संपला. बसत नसेल तर जाऊच नका, कारण पैशाची ओढाताण असलेला माणूस ठेकेदारांना लांबून ओळखू येतो.

आणि हे साडूला फोनवर सांगू नका, घरी जाऊन सांगा. पण त्याच्याही आधी एक. तुमच्या पत्रात मिसेस "जा" म्हणतात एवढं आहे, फर्ममधल्या पैशांबद्दल त्यांना काय वाटतं ते कुठेच नाही. नावावर केलेत ना, मग ते आता त्यांचे आहेत, आणि ती फर्म त्यांच्या बहिणीच्या घराची आहे. त्यांना हे नीट बसून विचारा, विचारायचं म्हणून विचारतोय असं नाही, त्यांनी नाही म्हटलं तर ऑफर सोडायची तयारी ठेवून विचारा. काय म्हणाल्या ते कळवा.